बेस स्पीकरचे स्क्रू दर हंगामात ढिले का होतात, आणि कुठे कोणता स्क्रू लावावा

गणपती आटोपले की नाशकात दुरुस्तीला बेस स्पीकरचे डबे यायला लागतात, आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "खालच्या सुरात फडफडतंय, कोन गेला वाटतं." उघडून बघावं तर कोन (आवाज काढणारा कागदी पडदा) शाबूत, कॉइल (त्याला हलवणारी तारेची गुंडाळी) शाबूत, आणि ड्रायव्हरच्या (डब्यात बसवलेल्या मूळ स्पीकरच्या) आठ बोल्टांपैकी दोन-तीन नुसत्या बोटाने फिरतायत. ते आवळून दिले जातात, डबा जातो. नवरात्रात तोच डबा, तीच फडफड. लग्नसराईत पुन्हा. मधल्या काळात कुणीतरी आधीपेक्षा जाड स्क्रू दामटलेला असतो आणि भोक आणखी सैल झालेलं असतं.

जाड स्क्रूने हे दुखणं जात नाही, कारण लोखंड इथे कधीच कमी पडत नाही. ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा दर्जा) एम ६ चा, म्हणजे सहा मि.मी. जाडीचा, एक बोल्ट हजार किलोच्या वरचा ताण सोसतो. फेराइट चुंबकाचा १८ इंची ड्रायव्हर साधारण दहा ते चौदा किलोचा, आणि त्याला असे आठ बोल्ट. हरतं ते बोल्टाच्या आजूबाजूचं: प्लाय दबतो, एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) आटे भुगा होऊन निघतात, टी-नट (फळीत मागून दातांनी रुतवलेला, नळी आणि चकतीचा नट) जागेवर फिरतो, गास्केट (ड्रायव्हरची कड आणि फळी यांच्यामधली मऊ पट्टी) दबून बसतं, नाहीतर बोल्टाची लांबीच चुकलेली असते. पकड यातल्या नेमक्या कुठल्या जागेवरून गेली ते आधी शोधा. स्क्रू कोणता घ्यायचा हे त्यावरून ठरतं.

आवाज ढिल्या स्क्रूचाच आहे का?

मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही साधं अॅप घ्या. ३० ते ८० हर्ट्झ या पट्ट्यात सूर हळूहळू वर-खाली करा, आवाज माफक ठेवा. फडफड जिथे सर्वात जास्त येते तिथे सूर थांबवा आणि दोन्ही तळहातांनी ड्रायव्हरची धातूची कड डब्यावर दाबत गोल फिरा. एखाद्या जागी दाबल्यावर आवाज थांबला तर तो बोल्ट किंवा त्याच्या शेजारचा. कुठेही दाबून फरक पडत नसेल तर जाळी, हँडल, मागची कनेक्टरची प्लेट आणि आतली लोंबणारी वायर तपासा. या चौघांमुळे कितीतरी चांगले ड्रायव्हर विनाकारण री-कोनला (नवा कोन बसवायला) जातात.

हवा गळतेय का हे बघायला उदबत्तीसारखं साधन नाही. पंखा बंद करा, खिडकी लावा, सूर २५-३० हर्ट्झवर आणून आवाज इतका कमी करा की कोन हलताना नुसता दिसेल. मग उदबत्ती कडेपासून बोटभर अंतरावर धरून सावकाश फिरवा. चांगल्या जागी धुराची रेघ सरळ वर जाते. गळतीच्या जागी ती कोनाच्या तालावर थरथरते आणि मध्येच तुटते. डब्याला पोर्ट (हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं भोक) असेल तर त्या बाजूला हे करू नका, तिथे हवा मुळातच ये-जा करते. आणि कोनाला ठिणगी लागू देऊ नका, कागद आहे तो.

कॉइल घासत असेल तर ते वेगळं कळतं. अॅम्प बंद ठेवून दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवा आणि कोन सरळ आत दाबा. खरखर लागली तर घाबरण्याआधी सगळे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करून पुन्हा दाबून बघा. खरखर गेली, तर कॉइलला काही झालेलं नाही. कुणीतरी एकाच बाजूने आवळून फ्रेम पिळली आहे. पत्र्याच्या फ्रेमच्या ड्रायव्हरमध्ये हे फार होतं, ओतीव अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कमी.

आता प्रत्येक बोल्ट हाताने आवळा. ड्रिल मशीन बाजूला ठेवा, कारण इथे बोटांना जे कळतं ते मशीनला कळत नाही. पाव-अर्धा फेरा जाऊन घट्ट बसला आणि बसलेला राहिला, तर फक्त लाकूड आणि गास्केट दबलं होतं. फिरतच राहिला, तर आटे गेलेत किंवा मागचा टी-नट फिरतोय. घट्ट लागला पण कड अजून डब्याला टेकलेली नाही, तर लांबी चुकली आहे किंवा कडेखाली काहीतरी आलं आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

टी-नट फिरतोय: नेहमीचा आणि सर्वात किचकट प्रकार

मोठ्या डब्यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

१८ इंची ड्रायव्हरच्या बोल्टांचं वर्तुळ साधारण ४३८ ते ४४० मि.मी. व्यासाचं असतं आणि पुढच्या फळीला पाडायचं भोक साधारण ४२२ मि.मी.चं. वजाबाकी करून निम्मं केलं की बोल्टाच्या मध्यापासून भोकाच्या कडेपर्यंत उरतात फक्त ८-९ मि.मी. एम ६ च्या टी-नटाची मागची चकती साधारण १९ मि.मी. व्यासाची, म्हणजे मध्यापासून साडेनऊ. चकतीची एक बाजू भोकाच्या कडेला टेकते किंवा बाहेर डोकावते, आणि त्या बाजूच्या दाताला धरायला जेमतेम लाकूड मिळतं. हे झालं काम मापात असताना. सुताराने जिगसॉने "थोडं मोकळं असू दे" म्हणत ४२८ चं भोक पाडलं, तर कड पाच मि.मी.वर येते. टी-नटाच्या नळीलाच मध्यापासून चारेक मि.मी. लागतात. उरला एक मि.मी. प्लाय. असा टी-नट पहिल्याच मिरवणुकीत फिरला तर त्यात नवल नाही.

म्हणून नवा डबा करवून घेताना ड्रायव्हरच्या कागदावरचं भोकाचं माप सुताराला लिहून द्या आणि भोक राउटरने, कंपासच्या पट्टीवर पाडायला सांगा. एक-दोन मि.मी. मोकळं चालेल, त्याच्या वर नाही. १५ इंचीतही हीच गोष्ट आहे: बोल्टाचं वर्तुळ ३७० च्या आसपास, भोक ३५३ च्या आसपास, मधे साडेआठ मि.मी.

डबा झालेलाच असेल तर टी-नटाच्या चकतीची आतल्या बाजूची कड ग्राइंडरने सरळ कापा, म्हणजे ती ड्रायव्हरच्या फ्रेमला अडत नाही. मग नळीभोवती आणि चकतीखाली अरल्डाइटसारखं दोन भागांचं इपॉक्सी लावून बसवा. इपॉक्सी आट्यात जाऊ देऊ नका. बसवण्याआधी नळीत तेल लावलेला बोल्ट फिरवून ठेवला तर आटे वाचतात. इपॉक्सी पूर्ण सुकू द्या, एक दिवस तरी. संध्याकाळी प्रोग्राम आहे म्हणून दुपारी चिकटवलेला टी-नट टिकत नाही.

डब्यात जागा असेल तर त्याहून चांगला पर्याय म्हणजे चकतीला तीन छिद्रं असलेले टी-नट. ते दातांच्या भरवशावर नसतात, छोट्या स्क्रूंनी फळीला मागून जखडलेले असतात. रोज टेम्पोत चढणाऱ्या-उतरणाऱ्या डब्यांना मी हेच लावतो.

टी-नट हातोडीने ठोकू नका. गर्जनच्या कडक प्लायवर हातोडी मारली की दात वाकतात आणि टी-नट तिरका बसतो. मऊ प्लायमध्ये तो सहज आत जातो, पण मागचा थर चिरडून जातो. पुढच्या बाजूने मोठा वॉशर आणि लांब बोल्ट लावा आणि पान्याने हळूहळू टी-नट आत खेचून घ्या. सरळ बसतो, दात पूर्ण रुततात. नळीसाठीचं भोक किती मि.मी.चं हवं हे दुकानदाराला विचारू नका. हातात आलेल्या टी-नटाची नळी व्हर्नियरने बाहेरून मोजा आणि तेवढंच ड्रिल घ्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या मालात फरक असतो.

फिरणाऱ्या टी-नटात अडकलेला बोल्ट काढायचा कसा? आधी बघा, पोर्टमधून किंवा मागची प्लेट काढून हात आत जातो का. गेला तर आतून पक्कड लावा. नाहीतर ड्रायव्हरच्या कडेखाली लाकडाची पातळ पाचर सारून कड हलकेच बाहेर ढकला. ताण आला की दात पुन्हा थोडे धरतात, त्या अवस्थेत बोल्ट सावकाश उलटा फिरवा. यानेही नाही जमलं तर बोल्टाचं डोकं ड्रिलने उडवावं लागतं. तेव्हा डबा आडवा न ठेवता उभा ठेवा, कोनावर पुठ्ठा ठेवून कडेने मास्किंग टेप लावा आणि व्हॅक्यूमचं तोंड ड्रिलजवळ धरायला शेजारी माणूस उभा करा. लोखंडाचा एक चुरा चुंबकाच्या फटीत गेला की कॉइल घासायला लागते आणि तो परत निघणं फार अवघड.

सहाचा आणि दोन सुती: हे दोन एक नव्हेत

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात "सहाचे टी-नट द्या" म्हटलं की हमखास ऐकू येतं, "दोन सुती देऊ का? सारखाच असतो." सारखा नसतो. एम ६ चा बोल्ट ६ मि.मी.चा आणि त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मि.मी. दोन सुती म्हणजे पाव इंची, ६.३५ मि.मी., आणि इंचाला २० आटे, म्हणजे अंतर १.२७ मि.मी. सहाचा बोल्ट पाव इंची टी-नटात शिरतो, दोन-तीन फेरे डुलत जातो आणि मग जड लागतो. इथे माणसाला वाटतं की घट्ट बसला. ड्रिलने पुढे दामटला की आटे कापले जातात, नाहीतर टी-नटाचे दात सुटून तो फिरायला लागतो. पाचचा बोल्ट आणि दीड सुती टी-नट यांचंही असंच आहे: ०.८ मि.मी. विरुद्ध इंचाला २४ आटे.

दुकानातच खात्री करता येते. बोल्ट टी-नटात बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, कुठेही जड न लागता आणि न डुलता. जुना बोल्ट कोणत्या मापाचा हे कळत नसेल तर ओळखीच्या एम ६ च्या बोल्टाला तो शेजारी टेकवून उजेडात धरा. आटे एकमेकांत पूर्ण बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तर तो एम ६. फर्निचरच्या दुकानात मिश्र माल असतो. सातपूर-अंबडच्या बाजूला कारखान्यांना नट-बोल्ट पुरवणाऱ्या दुकानांत मिलिमीटरचा माल ग्रेडसकट मागता येतो, एवढ्यासाठी तिकडे फेरी मारणं परवडतं.

माप कोणतं घ्यायचं ते ड्रायव्हरच्या कडेची छिद्रंच सांगतात. १५ आणि १८ इंचीला बहुधा एम ६, १० आणि १२ इंचीला एम ५, सहा-आठ इंचीला एम ४. अॅलन चावी त्याच क्रमाने ५, ४ आणि ३ मि.मी.ची. छिद्र सहाचं असताना पाचचा बोल्ट लावून "वॉशर घाला की" म्हणणारे भेटतात. पाचचा बोल्ट मजबुतीला पुरेल, पण छिद्रात एक मि.मी. मोकळीक राहते, ड्रायव्हर बारीक सरकत राहतो आणि सरकण्यातूनच बोल्ट सैल होतो.

लांबी

ड्रायव्हरची कड, गास्केट आणि फळी यांची बेरीज करा. कड ६, गास्केट ३, फळी १८, एकूण २७ झाले, तर ३० चा बोल्ट घ्या. टी-नट मागून बसलेला असतो, त्यामुळे आखूड बोल्ट त्याच्या नळीच्या टोकाशी दोन आट्यांवर लटकतो आणि ते दोनही घेऊन बाहेर येतो. निदान बोल्टाच्या जाडीइतकी खोली आट्यांत गेलीच पाहिजे, सहाच्या बोल्टाला सहा मि.मी. ओतीव फ्रेमची कड कधी दहा मि.मी.पर्यंत जाड असते. पत्र्याच्या फ्रेमचा ड्रायव्हर काढून ओतीव फ्रेमचा लावला आणि बोल्ट जुनेच ठेवले, की ही तक्रार सुरू झालीच समजा.

उलटं दुखणं बंद तळाच्या इन्सर्टमध्ये (फळीत बसवायच्या, आतून आटे असलेल्या धातूच्या नळीत) येतं. बोल्ट लांब पडला की तो तळाला टेकून घट्ट लागतो, कड मात्र सैलच. त्या बोल्टाखाली एक वॉशर जास्त घालून बघितलं की लगेच कळतं.

घरचे छोटे स्पीकर, एमडीएफ आणि काळे स्क्रू

घरी हौसेने बुकशेल्फ स्पीकर बनवणारी मुलं आता नाशकातही बरीच आहेत, आणि ती सुताराच्या पेटीतला काळा जिप्समचा स्क्रू उचलतात. तो स्क्रू या कामाचा नाही. त्याच्या डोक्याची खालची बाजू निमुळती असते. सपाट छिद्रात ते डोकं पाचरीसारखं घुसतं आणि पत्र्याची कड वाकवतं, प्लास्टिकची असेल तर तडकवतं. शिवाय तो ठिसूळ असतो, आवळताना मान तुटून अर्धा आतच राहतो. डोक्याची खालची बाजू सपाट असलेला, रुंद आट्यांचा लाकडाचा स्क्रू घ्या. सहा-आठ इंची ड्रायव्हरला ८ नंबरचा, म्हणजे ४.२ मि.मी.चा, २५ मि.मी. लांब स्क्रू १८ मि.मी.च्या फळीत पुरतो, कडेच्या छिद्रातून तो जातो हे मात्र आधी बघा. चार इंची आणि त्याहून लहानांना ६ नंबर.

एमडीएफला आधी भोक पाडलंच पाहिजे. ८ नंबरच्या स्क्रूला ३ मि.मी.चं ड्रिल. त्याच फळीच्या तुकड्यावर आधी करून बघा, तुकडा फुगला किंवा चिरला तर ड्रिल थोडं मोठं घ्या. भोकाच्या तोंडाशी एमडीएफ स्क्रूभोवती टेकाडासारखा वर येतो आणि कड त्या टेकाडांवर टेकून बाकी सगळीकडे उचललेली राहते. "घट्ट आहे तरी गळतंय" याचं हे ठरलेलं कारण. भोकाचं तोंड मोठ्या ड्रिलने हाताने दोन फेरे फिरवून जरासं खोलगट करा, म्हणजे फुगलेला भाग त्यात मावतो.

एकदा पाडलेले आटे पुन्हा वापरायची एक रीत आहे. स्क्रू भोकात ठेवा, बोटाने हलका दाब द्या आणि आधी उलटा फिरवा. एका ठिकाणी स्क्रू किंचित खाली पडतो आणि बोटाला टिक जाणवते. तिथून सुलटा फिरवायला लागा. स्क्रू जुन्याच वाटेने जातो. थेट सुलटा फिरवला तर तो जुन्यावर नवे आटे कापतो, आणि असं तीन-चार वेळा झालं की भोकात धरायला काही उरत नाही.

आटे गेलेच असतील तर भोक ८ मि.मी.चं करून सागाची किंवा दुसऱ्या कडक लाकडाची खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, सुकल्यावर कापून सपाट करा आणि नव्याने ड्रिल करा. काडेपेटीच्या काड्या कोंबणं हा आजचा दिवस काढायचा उपाय, त्यावर पुढचा हंगाम निघत नाही. आणखी सोपं म्हणजे आठ छिद्रांचा ड्रायव्हर साडेबावीस अंश फिरवून मधल्या कोऱ्या लाकडात नवी भोकं पाडणं. वायरचे टर्मिनल कुठे येतात तेवढं आधी बघा. जुनी भोकं मात्र आधी इपॉक्सीत भुसा कालवून भरा, नाहीतर हवा तिथून गळेल.

ड्रायव्हर वारंवार काढायचा असेल तर फिरवून बसवायचे पितळी किंवा जस्ती इन्सर्ट छान काम देतात, पण बाहेरचा व्यास बघून घ्या. एम ६ चा इन्सर्ट बाहेरून दहा-बारा मि.मी. असतो. वर सांगितलेल्या आठ मि.मी.च्या काठावर तो बसवला तर बाजूला दोन-तीन मि.मी. लाकूड उरतं. प्लायमध्ये तरी कसंबसं निभेल, एमडीएफ उभा चिरतो. काठ प्रशस्त असेल तिथेच इन्सर्ट लावा.

पुन्हा ढिला होऊ नये म्हणून

स्प्रिंग वॉशरवर लोकांचा फार विश्वास. बोल्ट सैल होतो तो मुख्यतः आडव्या थरथरीने: जोडलेले दोन भाग एकमेकांवर बारीक सरकतात आणि दर सरकण्याला बोल्ट किंचित उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियराने १९६९ मध्येच यंत्रावर हे दाखवून दिलं आणि आजही बोल्टांची ती चाचणी त्याच्याच नावाने ओळखली जाते. बोल्ट नीट आवळला की स्प्रिंग वॉशर पूर्ण चपटा होतो आणि साध्या वॉशरपेक्षा वेगळं काही करत नाही.

उपयोगी पडतं ते मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे जखडणारा द्रव), लॉकटाइट २४३ सारखं. बोल्टाच्या टोकाकडच्या आट्यांवर एक थेंब पुरतो. हवा लागेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की ते घट्ट होतं, पूर्ण ताकद यायला २४ तास. साध्या चावीने पुढे निघतंही. लाल घेऊ नका, ते सोडवायला बोल्ट तापवावा लागतो आणि शेजारी कागदाचा कोन आहे. लाकडात थेट जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकरचा उपयोग नाही. प्लास्टिकच्या कडेवर ते सांडू देऊ नका, काही प्लास्टिकं त्याने तडकतात. आणि टी-नट पक्का बसलेला नसेल तर निळंही लावू नका. पुढच्या वेळी बोल्टाबरोबर टी-नटच फिरेल.

गास्केट एकच हवं. बऱ्याच ड्रायव्हरच्या कडेला ते कारखान्यातूनच चिकटवलेलं येतं. त्यावर आणखी फोमची पट्टी लावली तर जोड इतका मऊ होतो की बोल्ट कितीही आवळले तरी आठवड्यात पुन्हा सैल. गास्केट नसेल तर बंद छिद्रांच्या फोमची २-३ मि.मी. पट्टी लावा. दाबल्यावर पाणी शोषणारा उशीसारखा फोम चालणार नाही. सिलिकॉन तर नकोच. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि धातूला गंज आणतं, वर ड्रायव्हर असा चिकटतो की काढताना प्लायचा थर सोबत येतो.

आवळण्याची पद्धत: डबा पाठीवर आडवा ठेवा, सगळे बोल्ट बोटांनी चढवा, मग समोरासमोरची जोडी घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळा. अॅलन चावीची लांब बाजू भोकात घालून आखूड बाजूने फिरवली तर गरजेपेक्षा जास्त जोर लागतच नाही. फिलिप्सच्या खाचेचे स्क्रू मोठ्या ड्रायव्हरला लावू नका. जोर दिला की बिट खाचेतून निसटतं आणि चुंबक त्याला कोनाकडे ओढतो. एक निसटलेलं बिट म्हणजे एक री-कोन. अॅलनची चावी खाचेत खोल बसते, तरी दुसऱ्या हाताची बोटं तिच्याभोवती कड्यासारखी धरून ठेवा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. त्र्यंबक-इगतपुरीकडे भर पावसात प्रोग्राम करणाऱ्यांचे डबे ओले होतात, प्लाय आणि एमडीएफ फुगतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तेच लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात घट्ट असलेला बोल्ट सैल पडतो. फळीला पाडलेल्या भोकाची कच्ची कड पीयू सीलरने किंवा ऑइलपेंटने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. नवा डबा करताना आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. नुसते तेलकाळे अॅलन बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात आणि खाचेत गंज साचून चावी घसरते. जस्ताचा मुलामा असलेले ८.८ घ्या, किंवा ३०४ चे स्टेनलेस. स्टेनलेसची ताकद थोडी कमी, पण या कामाला भरपूर आहे.

नवे बोल्ट लावले की पहिल्या एक-दोन प्रोग्रामनंतर एकदा चावी फिरवा. लाकूड आणि गास्केट सुरुवातीलाच जास्त दबतं, पुढे स्थिरावतं. थ्रेडलॉकर लावायचं असेल तर या दुसऱ्या आवळणीच्या वेळी एकेक बोल्ट काढून लावा, म्हणजे जमलेलं थ्रेडलॉकर मोडायला लागत नाही. मग प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून ड्रायव्हरच्या कडेपर्यंत पांढऱ्या पेंट-मार्करने एक सरळ रेघ ओढा. पेठ-सुरगाण्याच्या रस्त्याने टेम्पो आला की उतरवतानाच नजर टाका, जी रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट सरकला. सरकलेला एकदा आवळा. पुढच्या फेरीत त्याच भोकाची रेघ पुन्हा तुटली तर बोल्टाच्या मागे लागू नका. ड्रायव्हर उतरवा आणि त्या भोकाच्या मागचा टी-नट आणि प्लाय बघा.